हरवलेली जनुके आणि आपली सोयरीक
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणिसांचे निमंत्रण मला आले तेव्हा 'आपल्या ज्ञातीतील थोर पुरुष' या विषयावर मी बोलावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्या विषयावर मागील अनेक संमेलनांत माझ्याहून अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत, आणि थोर पुरुषांची संख्या काही त्या प्रमाणात वाढलेली नाही. म्हणून विषय बदलून देण्याची मी विनंती केली व ती त्यांनी मान्य केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय शास्त्राचा आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन प्राथमिक शाळेत मुलांना पाढे व बाराखडी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. माझी एक पुतणी पुण्यास जीवशास्त्राचा अभ्यास करते. दिवाळीच्या सुटीत तिने सलग तीन रात्री मजपुढे बसून जे समजावून सांगितले, ते मी माझ्या वहीत उतरून घेतले आणि पुढे मिळेल ते वाचून ताडून पाहिले. तेच आज आपणांसमोर ठेवतो. ते ऐकून मला जी एक जुनी घरगुती गोष्ट आठवली तीही सांगणार आहे. किंबहुना तिच्यासाठीच हा सारा प्रपंच आहे.

प्रथम एक साधी गोष्ट घेऊ. आवळा, लिंबू, पेरू यांत क जीवनसत्त्व असते हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. ते न मिळाल्यास हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, जुन्या जखमा पुन्हा उकलतात आणि अखेर माणूस दगावतो. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. लांबच्या सफरींवर जाणारे युरोपातील खलाशी या रोगाने हजारोंनी मेले. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या आरमारी वैद्याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निरनिराळा उपचार दिला. त्यांपैकी संत्री व लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. हा इतिहास पुष्कळांनी वाचला असेल. पण मी शाळेत इतकी वर्षे हा पाठ शिकवला, तरी एक प्रश्न ना मला कधी सुचला, ना माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारला. आपल्या दारातील शेळीला आवळा का लागत नाही? गाय, कुत्रा, मांजर, उंदीर यांना स्कर्व्ही का होत नाही?

उत्तर असे की ते प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. सस्तन प्राण्यांत हे काम यकृतात चालते. बेडूक, सरडे यांच्यात ते मूत्रपिंडात चालते. कोणता प्राणी ते कोठे करतो व कोण करू शकत नाही, याचा मोठा शोध आपल्याच देशात, कलकत्ता विद्यापीठात, इंदुभूषण चटर्जी यांनी घेतला आणि त्यांचा त्यावरील लेख १९७३ साली अमेरिकेतील 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत लिंडचे नाव येते, चटर्जींचे येत नाही, याची मला खंत वाटते. असो. सस्तन प्राण्यांत ज्यांना हे जीवनसत्त्व करता येत नाही त्यांची यादी लहान व चमत्कारिक आहे. मनुष्य, वानर व माकडे; गिनिपिग; आणि वटवाघळांच्या अनेक जाती. गिनिपिगला स्कर्व्ही होतो हे नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिक यांनी १९०७ सालीच दाखवले होते.

आता जनुक म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगतो. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत एक मोठा ग्रंथ आहे असे समजा. तो अवघ्या चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असून त्यात सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. या ग्रंथातील एकेका अर्थपूर्ण परिच्छेदास जनुक म्हणावे. अशी जनुके मनुष्यात सुमारे वीस हजार आहेत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांजवळ असतात, एक पित्याकडून आलेली व एक मातेकडून आलेली. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

क जीवनसत्त्व तयार करण्याच्या शेवटच्या पायरीस जे जनुक लागते त्याचे नाव गुलो. ते आपल्या ग्रंथातून नाहीसे झालेले नाही. आपल्या आठव्या गुणसूत्रावर त्याचे पडके अवशेष आजही आहेत, हे जपानी शास्त्रज्ञ निशिकिमी व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली दाखवले. माझ्या गावी एक ओसाड वाडा आहे. मालक मुंबईस गेले ते परत आले नाहीत. आधी कौले गेली, मग तुळया कुजल्या, मग भिंतीत पिंपळ उगवला. पण जोते अजून दिसते व येथे वाडा होता हे कोणीही ओळखतो. राहत्या घराचीही कौले फुटतात, पण तेथे डागडुजी होते. जनुकांचेही असेच आहे. अक्षरे चुकण्याचे प्रकार सर्वत्रच घडतात. जे जनुक जगण्यास आवश्यक आहे त्यात बिघाड झालेला जीव मागे पडतो, त्याचा वंश वाढत नाही, म्हणून ते जनुक पिढ्यानुपिढ्या शाबूत राहते. ज्याची गरज उरली नाही त्यातील बिघाडास कोणी अडवीत नाही. आपले पूर्वज झाडावर राहून फळेपाला खात असत. त्यांना आयते जीवनसत्त्व मिळत होते. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या शाखेत हा वाडा ओसाड पडला असा अंदाज आहे. गिनिपिगच्या शाखेत तो त्यानंतर पुष्कळ काळाने, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी, निराळ्याने पडला.

येथवर सांगितले ते शास्त्रज्ञांनी एकेका प्राण्यावर व एकेका पदार्थावर वर्षानुवर्षे काम करून शोधले. आता ज्यांच्यासाठी हे व्याख्यान योजले त्या गृहस्थांकडे वळतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गिल बेजेरानो नावाचे प्राध्यापक आहेत. ते मुळात संगणकशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्याकडे मायकेल हिलर नावाचे जर्मन संशोधक काम करीत होते. ते पुढे स्वदेशी ड्रेस्डेन येथे व त्यानंतर फ्रँकफुर्ट येथे गेले. या मंडळींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक नवी रीत प्रसिद्ध केली. तिला त्यांनी 'फॉरवर्ड जिनोमिक्स' असे नाव दिले. या रीतीत ना प्राणी कापावा लागतो, ना औषध पाजावे लागते. निरनिराळ्या प्राण्यांचे ग्रंथ तोवर वाचून झाले होते. ते सारे संगणकात घालायचे आणि एक प्रश्न विचारायचा.

हा प्रश्न मला पुतणीने पहिल्या रात्री सांगितला तेव्हा कळला नाही. दुसऱ्या रात्री मीच माझ्या शाळेतील एक प्रसंग आठवून तो लावून पाहिला, आणि तिने मान डोलावली.

एकदा वर्षाच्या मध्येच माझी बदली एका लहान गावी झाली. तेथे सकाळची घंटा कोणी तरी मुलगा परस्पर वाजवीत असे. मी पोहोचण्यापूर्वी ती झालेली असे. काही दिवशी मात्र घंटाच होत नसे. कोण वाजवतो, असे विचारले तर मुले हसत. मग मी हजेरीपट काढला. घंटा न झालेले दिवस तीन होते. पहिल्या दिवशी बाजार असल्याने एकोणीस मुले गैरहजर. त्यावरून काही निष्पन्न होईना. दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी पाच. या तिन्ही दिवशी गैरहजर असलेला आणि ज्या ज्या दिवशी घंटा झाली त्या प्रत्येक दिवशी हजर असलेला, असा मुलगा साठ जणांत एकच निघाला. मी कोणालाही न विचारता त्याला बोलावून शाबासकी दिली. तो शेवटपर्यंत माझ्याकडे भयचकित नजरेने पाहत असे.

बेजेरानो व हिलर यांची रीत याहून निराळी नाही. घंटा म्हणजे गुण, मुलगा म्हणजे जनुक, आणि एकेक दिवस म्हणजे एकेक प्राणी. कोणत्या प्राण्यात गुण नाही याची यादी द्यायची. संगणक तीनशे कोटी अक्षरांचा हजेरीपट चाळून सांगतो की ग्रंथाचा कोणता भाग नेमक्या त्याच प्राण्यांत मोडकळीस आलेला आहे व बाकी सर्वांत शाबूत आहे. त्यासाठी तो प्रथम या सर्वांच्या समाईक पूर्वजाचा पाठ कसा असावा हे बेतून काढतो आणि प्रत्येकाचा पाठ त्याच्याशी ताडून किती अक्षरे जुळतात ते मोजतो. जुन्या पोथ्यांच्या प्रती जुळवून मूळ पाठ ठरवणाऱ्या आपल्या पंडितांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

यात एक मेख आहे. जत्रेच्या चार दिवसांत घंटा झाली नाही, तर ते चार पुरावे नव्हेत, एकच होय. कारण जत्रेला गेलेली मुले चारही दिवस तीच असणार. त्याचप्रमाणे मनुष्य, वानर व माकड या तिघांत एक गुण नाही म्हणजे तीन साक्षी झाल्या असे नाही. तिघांना ते वैगुण्य एकाच पूर्वजाकडून आले, साक्ष एकच. गिनिपिग ही दुसरी साक्ष, कारण त्याने तो गुण स्वतंत्रपणे गमावला. दूरच्या शाखांत एकच गुण वेगवेगळ्या वेळी हरवला असेल तरच ही रीत चालते. असे हरवणे पूर्वी शास्त्रज्ञांना डोकेदुखी वाटे, कारण त्याने वंशवृक्ष लावताना घोटाळे होत. या लोकांनी त्याच घोटाळ्याचे साधन केले, ही गोष्ट मला फार आवडली.

परीक्षा म्हणून त्यांनी प्रथम क जीवनसत्त्वाची यादी संगणकास दिली. जनुकाचे नाव दिले नाही. संगणकाने सर्व ग्रंथ चाळून गुलो जनुक काढून दिले. उत्तर आधीच ठाऊक असलेले गणित सुटले, तेव्हा मग त्यांनी उत्तर ठाऊक नसलेले गणित घातले. त्या गणिताने माझी झोप उडाली.

पित्ताविषयी चार शब्द सांगतो. आपल्या यकृतात पित्त तयार होते व अन्नातील तूपतेल पचवण्यासाठी आतड्यात उतरते. हे पित्त साबणासारखे आहे. ते स्निग्ध पदार्थ विरघळवते. पण ज्या नलिकांतून ते वाहते त्यांच्या पेशींनाही स्निग्ध आवरणच असते. मग हा साबण स्वतःच्या नळ्याच का विरघळवीत नाही? कारण यकृत पित्तात एक स्निग्ध द्रव्य मिसळते, आणि त्यामुळे साबणाचा दाह मावळतो. त्या द्रव्यास फॉस्फोलिपिड म्हणतात. गिनिपिग व घोडा यांच्या पित्तात हे द्रव्य फारच थोडे असते, हे आधीपासून माहीत होते. कारण माहीत नव्हते. हे दोन प्राणी एकमेकांपासून दूरच्या शाखांतले. संगणकास ही दोन नावे दिली तेव्हा त्याने एबीसीबी-४ नावाचे जनुक दाखवले. हे द्रव्य यकृतपेशीतून पित्तात नेऊन सोडण्याचे काम त्याचेच. दोन्ही प्राण्यांत ते मोडलेले निघाले.

आता पुढचे ऐका. हेच जनुक मनुष्याच्या बालकातही क्वचित मोडलेले असते. एक प्रत मोडकी असल्यास बहुधा निभावते, कारण दुसरी काम करते. दोन्ही मोडक्या असल्यास पित्त आपल्याच नळ्या जाळू लागते. बालपणी अंगाला सारखी खाज सुटते, कावीळ होते, यकृत व प्लीहा वाढतात, आणि हळूहळू यकृत कठीण होत जाते. आज त्यावर एक औषध आहे, ते काही मुलांना लागू पडते. इतरांना यकृत बदलावे लागते.

पुतणीने ही लक्षणे वाचून दाखवली तेव्हा मी तिला थांबवले.

माझी धाकटी बहीण आत्याच्या घरी दिली होती. आपल्याकडे मामाची मुलगी घरात आणणे म्हणजे घरचे सोने घरात राहणे, असे मानतात. लग्न थाटात झाले. पहिली मुलगी सुदृढ. आज ती स्वतः आजी होण्याच्या बेतात आहे. दुसरा मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत गुटगुटीत होता. मग तो रात्रभर अंग खाजवू लागला. चादरीवर रक्ताचे डाग पडत. डोळे पिवळे झाले, पोट पुढे आले. काविळीचे झाडपाले झाले, गंडे झाले, तालुक्याचे डॉक्टर झाले. तो सात वर्षांचा होऊन गेला. घरातील वडीलधाऱ्यांनी दोष माझ्या बहिणीस दिला. ग्रहणात विळी हातात धरली असेल, दूध पाजताना आंबट खाल्ले असेल, तिचा पायगुण. आणि मी, गावचा मास्तर, मुलांना शास्त्र शिकवणारा, मी तिला भेटायला गेलो तेव्हा म्हणालो, "बाई, तुझ्या हातून काही तरी चुकले असेल, आठवून पाहा." ती काही बोलली नाही. त्यानंतर कित्येक वर्षे ती राखी पाठवी, पण माहेरी राहायला येत नसे.

त्या मुलास हाच विकार होता असे मी म्हणत नाही. तेव्हा तपासणी नव्हती, आणि यकृताचे विकार अनेक आहेत. पण अशा विकारांची वाट कोणती, हे आता मला कळले आहे. आई निरोगी, बाप निरोगी, आणि दोघांजवळ एकेक मोडकी प्रत. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक या प्रमाणात दोन्ही मोडक्या प्रती येण्याचा संभव. आईकडून एक, बापाकडून एक. दोष द्यायचाच तर दोघांना सारखा द्यावा लागेल, आणि खरे पाहता दोघांनाही देता येत नाही, कारण ती प्रत त्यांना तरी आजोबापणजोबांकडूनच आली. पण नवरा व बायको एकाच आजोबांची नातवंडे असली, तर एकच मोडकी प्रत दोन वाटांनी एकाच पाळण्यात येऊन पोहोचते. आतेमामे भावंडांच्या अपत्यात ग्रंथाचा सरासरी सोळावा हिस्सा असा दुहेरी एकाच प्रतीचा असतो.

आपण सगोत्र विवाह टाळतो व त्याचा आपणांस अभिमान आहे. पण गोत्र बापाकडून चालते. जनुक बापाकडून जितके येते तितकेच आईकडून येते. ते गोत्र विचारीत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड विवाह निषिद्ध ठरवताना पित्याकडील पाच व मातेकडील तीन पिढ्या धरल्या आहेत, पण रूढी असल्यास त्यातून सूट ठेवली आहे. आपण त्या सुटीत बसतो.

आणि प्रश्न केवळ मामाच्या मुलीपुरता नाही. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी थंगराज आणि त्यांचे देशीविदेशी सहकारी यांनी २०१७ साली दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजगटांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी एक्क्याऐंशी गट असे निघाले की जे फार थोड्या मूळ कुटुंबांपासून वाढले व पुढे आपापसातच सोयरीक करीत राहिले. इतके की या बाबतीत त्यांनी युरोपातील फिनलंडच्या लोकांनाही मागे टाकले. त्यांत दहा लाखांहून मोठ्या लोकसंख्येचे गटही आहेत. म्हणजे नाते वहीत दिसत नसले तरी ते असते. आपली ज्ञाती त्या यादीत आहे की नाही याची चर्चा मी येथे करीत नाही. आपल्या वधूवरसूचीत तीच ती आडनावे किती वेळा येतात, ते प्रत्येकाने घरी जाऊन मोजावे.

एक गैरसमज मात्र होऊ नये. हे ऐकून कोणी अमक्या घरात मोडकी जनुके आहेत म्हणून त्या घराशी सोयरीक तोडू लागेल, तर मी आज बोललो नसतो तर बरे झाले असते. मोडक्या प्रती आपणां प्रत्येकाजवळ आहेत; तुमच्याजवळ आहेत, माझ्याजवळ आहेत, व्यासपीठावरील मान्यवरांजवळही आहेत. तसेच कोणी या शास्त्राचा आधार घेऊन 'विद्या आमच्या रक्तातच आहे' असेही म्हणू नये. क जीवनसत्त्वाच्या त्या पायरीस एक जनुक पुरते. बुद्धीचे तसे नाही. तिच्यामागे असंख्य जनुकांचा थोडाथोडा हात असतो, आणि त्याहीपलीकडे आईचे पोषण, घरातले बोलणे व शाळा असते. हुशार मुले मला सर्व वाड्यांवस्त्यांवरून मिळाली. जाती हा शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकात येतो तेव्हा त्याचा अर्थ शेळी निराळी व घोडा निराळा असा असतो. त्या अर्थाने मनुष्याची जात एकच आहे, आणि तिच्यापैकी कोणालाही क जीवनसत्त्व करता येत नाही.

माझी कार्यकारी मंडळास दोन मागणी आहेत. वधूवरसूचीच्या अर्जात गोत्र व देवक यांच्या जोडीने आजोळ व आजीचे आजोळ असे दोन रकाने घालावेत, आणि आतेमामे भावंडांची स्थळे सूचीतर्फे सुचवू नयेत. दुसरी, विवाहापूर्वी थॅलसीमियाची रक्ततपासणी करून घेण्याविषयी छापील विनंती प्रत्येक अर्जासोबत जावी. ही तपासणी महाग नाही. ज्यांच्या घरी लहानपणी मुले अशा विकारांनी गेली त्यांनी लग्नापूर्वी जनुकतज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हा ठराव मांडल्यास विरोध होईल हे मी जाणतो. माझ्या स्वतःच्या घरात झालेला आहे.

दिवाळीनंतर मी बहिणीकडे गेलो. तिला हे सारे, घंटेच्या गोष्टीसकट, सांगितले. तुझ्या हातून काही चुकले नव्हते, चुकले ते माझ्या बोलण्यात, हेही सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडीत राहिली. मग तिने विचारले, "दादा, घोड्याचे ते मोडलेले आहे म्हणतोस, मग घोडा जगतो कसा?"

मी पुतणीस फोन लावून विचारले. ती म्हणाली, "काका, आत्यांना सांगा की त्या शास्त्रज्ञांनीही शेवटी हाच प्रश्न विचारला आहे." घोडा व गिनिपिग यांच्या शरीराने या उणिवेवर काही तरी तोड काढलेली असली पाहिजे, असा त्यांचा तर्क आहे; आणि ती तोड नीट समजली तर उद्या ती आपल्या मुलांच्याही कामी येऊ शकेल. मी बहिणीस तसे सांगितले. यंदा ती भाऊबीजेनंतरही चार दिवस आमच्याकडे राहिली.